पाळीवर जाणाऱ्याला विचारायचं नाही

४ सप्टेंबर, बुधवार

शेगडी आधी अंगणात पेटवायची, धूर निवळला की दोन्ही कड्यांना फडकं धरून आत आणायची. तिच्यावर चहा, चहानंतर तवा. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत चार भाकरी, तुरीच्या डाळीचं वरण घट्ट करून, एक कांदा, दोन मिरच्या. भाकरी गरम असताना डबा बंद करायचा नाही, घाम सुटतो आणि दुपारपर्यंत भाकरी चिवट होते. ती निवेपर्यंत ह्यांचे बूट दाराबाहेर उपडे करून झटकायचे, कधीमधी विंचू निघायचा. मग पाण्याचा ड्रम भरायचा, तोवर हे कपडे घालून तयार.

हे निघाले की मी दारात उभी राहायचे आणि काही बोलायचे नाही. कधी येता, तब्येत कशी आहे, संध्याकाळी काय करू, काही नाही. आमच्या खाणीच्या कॉलनीत पाळीवर निघालेल्या माणसाला बाई काही विचारत नसे. विचारलं की त्याचं पाऊल अडतं, असं जुन्या बाया सांगत. आम्ही उपास सोडले, दृष्ट काढणं सोडलं, विहारात भंतेजींनी जे जे सोडायला सांगितलं ते सगळं सोडलं. हे एवढं मात्र कुणी सोडलं नाही. मग हळूहळू ती सवय दारापुरती राहिली नाही. पुरुषाच्या मनात काय चाललंय ते विचारायचंच नाही, तो सांगेल तेव्हा ऐकायचं, असं झालं. ह्यांनी फारसं सांगितलं नाही. पण मला ह्यांच्या पावलांवरून कळायचं.

आज पडल्या पडल्या ही सगळी कामं मनातल्या मनात करून टाकली, कारण इथे करायला काम नाही. माझ्या मुलाची, धम्मपालची, ही गाडी म्हणजे चाकांवरची खोली आहे. दोन बाक जोडले की माझा पलंग, वर एक फळी आहे तिच्यावर तो झोपतो. गॅसची एक चूल, हात धुण्यापुरतं बेसिन. उभं राहिलं तर डोकं छताला लागत नाही, पण लागेल असं सारखं वाटतं. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावू देत नाही, गॅस आहे म्हणतो. सेलवरची मेणबत्ती आणून दिली आहे. ती लावायची म्हणजे खालचं बटण दाबायचं.

त्याने ही जुनी गाडी मे महिन्यात घेतली. जुलैत मी त्याच्याकडे आयिन्डहोवनला आले तेव्हा घरासमोर उभी होती. नीलम, माझी सून, तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला वाटलं, न विचारता घेतली म्हणून राग असेल. ऑगस्टच्या शेवटी धम्मपाल म्हणाला, आई, तू आल्यापासून घरातच बसलीस, चल तुला देश दाखवतो. नीलमला ऑफिस आणि नात दीपाला शाळा, त्या राहिल्या. आम्ही द हेगजवळचा समुद्र पाहिला, टिलबर्गला त्याच्या मित्राकडे जेवलो, मग खाली खाली येत देशाच्या या टोकाला आलो. हेर्लेन नावाचं शहर आहे, त्याच्याही पुढे एका कॅम्पिंगवर गाडी लावली आहे. पलीकडे जर्मनी. रविवारी निघणार होतो, पण गाडी बिघडली. पार्ट मागवला आहे म्हणतो.

५ सप्टेंबर, गुरुवार

धम्मपाल म्हणाला, हे गाव मी तुझ्यासाठी निवडलं. ही सगळी कोळशाची गावं आहेत. पूर्वी इथे नुसती शेतं होती. खाली कोळसा आहे हे कळल्यावर पोलंडहून, इटलीहून, कुठून कुठून माणसं धावत आली. काळं सोनं म्हणायचे. दुकानं, बँडपथकं, चर्च, सगळं खाणीचं. मग एक दिवस सरकारने सांगितलं, बंद. त्याला आता पन्नास वर्षं झाली.

मी म्हटलं, मग खाण कुठे आहे?

तो म्हणाला, आपण तिच्यावरच आहोत.

ही टेकडी टेकडी नाहीच. खाणीतून काढून टाकलेल्या दगडाचा ढीग आहे, त्यावर झाडं लावली. पावसाने माती वाहून गेली आहे तिथे काळे दगड दिसतात. मी एक उचलून पाहिला. पापुद्रे सुटणारा, आपल्याकडच्यासारखाच. हात काळा झाला. मला बरं वाटलं.

दुपारी खाली गावात गेलो. लाल विटांची घरं, एकाला एक चिकटलेली, सगळी सारखी. आमच्या कॉलनीतल्या क्वार्टरांसारखी. एका भिंतीवर खाणकामगाराचं मोठं चित्र काढलंय, डोक्यावर दिवा. बाजाराच्या रस्त्यावर अर्धी दुकानं बंद. एका बंद दुकानाच्या काचेत लग्नाचा पांढरा पोशाख घातलेला पुतळा तसाच उभा होता. बस तासाला एक. रस्त्यावर म्हातारी माणसं आणि त्यांचे कुत्रे. ह्यांना दाखवायला हवं होतं असं मी म्हणाले.

७ सप्टेंबर, शनिवार

वणीहून नीळकंठभाऊंचा फोन आला. ते आमच्या विहाराचे सचिव आहेत. सात ऑक्टोबरला ह्यांना जाऊन दोन वर्षं होतात, त्या दिवशी दुसरं पुण्यानुमोदन, त्याची तयारी. भंतेजींना सांगून ठेवलं, खीर कोण करणार ते ठरलं, मंडप लागेल का हे विचारत होते. शेवटी म्हणाले, धम्मपाल येतोय ना, मागच्या वर्षी जमलं नाही त्याला. या वर्षी जोडीने पुढे बसवू, दोघं आणि नात, लोकांना बघून बरं वाटेल. मी हो हो म्हटलं. मग म्हणाले, ताई, पुस्तकांचं कपाट तुम्ही गेल्यापासून उघडलं नाही, किल्ली तुमच्याकडे आहे का? किल्ली माझ्याकडेच आहे. पर्समध्ये आहे. गडबडीत राहून गेली.

विहारातलं ते कपाट मी सांभाळते. मला शाळा नाही. धम्मपाल पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर मीही गिरवलं. तो पुढे गेला, इतका पुढे गेला की इथवर आला. मी त्या कपाटापर्यंत पोचले. मला ते पुरे आहे.

माझं विमान तीस सप्टेंबरला आहे. धम्मपालला फोनचं सांगितलं तर तो म्हणाला, बघू.

८ सप्टेंबर, रविवार

कॅम्पिंगची मालकीण फीन नावाची म्हातारी आहे, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठी. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, तोंडात सतत काहीतरी चालू. तिला इंग्रजी मोडकं येतं, मला त्याहून मोडकं. तिच्या फोनमध्ये ती डच बोलते आणि फोन मराठीत लिहून दाखवतो. मी मराठीत बोलले की तिच्या भाषेत दिसतं. बहुतेक वेळा बरोबर दाखवतो. एकदा मी म्हटलं की माझे गुडघे दुखतात, ती इतकी हसली की खाली बसली. काय दिसलं तिला कोण जाणे.

मी सांगितलं की माझा नवरा खाणीत होता. तिने फोन बाजूला ठेवला. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, खोकून दाखवलं, आणि बोट वर केलं. तिचे वडील. मीही छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. त्यानंतर आम्हाला फोन फारसा लागला नाही.

धम्मपाल बारापर्यंत झोपला होता. सुट्टी आहे, झोपू दे. आयिन्डहोवनला असतानाही तो हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचा. घोरतो म्हणून, असं नीलम म्हणाली होती. इथे तो वरच्या फळीवर आणि मी खाली, इतक्या रात्री काढल्या, एकदाही घोरलेला ऐकला नाही. हवा बदलली की फरक पडतो.

११ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. काल पाऊस, आज पाऊस. गाडीच्या छतावर वाजतो आणि दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं. मी आणलेली दोन्ही पुस्तकं वाचून झाली, आता दुसऱ्यांदा वाचते आहे. कपाटातली पुस्तकं डोळ्यांसमोर येतात, कुठलं कुठे ठेवलं आहे ते सुद्धा.

आज आवराआवर करावी म्हणून बाकाखालचे कप्पे उघडले. त्याचे थंडीचे कोट, लोकरीच्या टोप्या, बुटांचे तीन जोड, डिग्र्यांची फाइल, ह्यांचा फ्रेममधला फोटो. पंधरा दिवसांच्या फिरण्याला एवढं सामान कोण आणतं? लहानपणी सहलीला जाताना पण असाच करायचा, सगळं घर पिशवीत भरायचा. मी घड्या नीट करून परत ठेवलं.

दर मंगळवारी एका बाईचा फोन येतो. तो पावसातसुद्धा बाहेर जाऊन इंग्रजीत बोलतो. काल स्लीप, स्लीप असा शब्द दोनदा ऐकू आला. त्यांच्या कंपनीत चिप बनवायची मोठी मशीनं असतात, त्यातलंच काही असेल. परत आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा ओला होता. पाऊस होताच.

आमची जागा चिखलाची झाली म्हणून त्याने गाडी हलवून वरच्या बाजूला लावली. एका झटक्यात सुरू झाली. मला आनंद झाला, म्हटलं झालं, आता निघू. तो म्हणाला, थोडं अंतर चालते आई, लांब नाही. गाड्यांमधलं मला कळत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दीपाशी फोनवर बोलले, चेहरा दिसतो त्या फोनवर. आठ वर्षांची झाली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये देते, मग धम्मपाल सांगतो ती काय म्हणाली. आज तो खाली नळावर पाणी भरायला गेला होता, म्हणून तिने माझ्यासाठी मराठी जमवलं. "आजी, तू बाबाच्या घरी आहे?" मी म्हटलं, नाही गं, बाबाच्या गाडीत. ती म्हणाली, "हो, बाबाच्या घरी. छान आहे? मला वरचं बेड आवडतं." पोरीला घर आणि गाडी यातला फरक शिकवायला हवा. कधी बसली असेल खेळायला.

मागून नीलमचा आवाज आला, आईंना त्रास देऊ नको. मी म्हटलं, नीलम, बोल ना. ती आली. बारीक झाली आहे. मी म्हटलं, आम्ही आठवड्यात येतो घरी. ती म्हणाली, "आई, धम्माने तुम्हाला..." आणि तेवढ्यात धम्मपाल पाण्याचा कॅन घेऊन वर आला. मग ती म्हणाली, तुम्ही स्वेटर घालत जा.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज भांडण झालं. भांडण म्हणजे मीच बोलले.

मी म्हटलं, पार्ट यायचा तेव्हा येईल, मला आगगाडीत बसवून दे, मी नीलमकडे जाते, तिथून माझी मी विमानाला जाईन. तो म्हणाला, थांब ना अजून, मी तुझा व्हिसा वाढवायला अर्ज करतो. मी म्हटलं, मला वाढवायचा नाही. सात तारखेला तुझ्या बाबांचं पुण्यानुमोदन आहे. तो म्हणाला, "ते इथेही करता येईल. आल्मेरेला आपले लोक आहेत, हॉल घेऊ."

म्हटलं, ज्यांच्या खांद्यावरून ते गेले ते लोक आल्मेरेला राहतात का?

हे मी बोलायला नको होतं. ह्यांच्या वेळी तो तिसऱ्या दिवशी पोचला होता. विमानाचं जमलं नाही, त्याचा दोष नाही. तो बाहेर पडला. टेकडीच्या वरच्या टोकाला एक बाक आहे, तिथे तो रोज जाऊन बसतो. पुढे उतार एकदम तुटलेला आहे, कुंपण नाही. फीन म्हणाली, पावसात तिथे जाऊ नये, दगड सुटतात.

माझा पासपोर्ट गाडीच्या पुढच्या कप्प्यात आहे. मी कप्पा उघडून पाहिला. आहे. घेतला नाही. घेऊन जाणार कुठे? तरीपण छत्री घेऊन खाली बसथांब्यापर्यंत गेले. पाटीवर वाचता येतील असे फक्त आकडे. समोर ते लग्नाच्या पोशाखाचं दुकान. एक बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग दार लागलं. मी चिखलातून वर आले. पोटच्या पोराने मला काही कोंडून ठेवलेलं नाही, जेवायला देतो, पांघरूण घालतो. तरी आज मला श्वास पुरला नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

फीनने कॉफीला बोलावलं. तिच्या स्वयंपाकघरात तिच्या वडिलांचा फोटो आहे, डोक्यावर दिव्याची टोपी, दात तेवढे पांढरे. सगळ्या जगात खाणीतून वर आलेला माणूस असाच दिसत असेल.

तिने सांगितलं की खाण बंद झाली तेव्हा धुराच्या चिमण्या सुरुंग लावून पाडल्या, लोक खुर्च्या घेऊन बघायला गेले होते. बंद खाणीत पाणी भरलं. ते पाणी खाली गरम राहतं, आता हेर्लेनमध्ये काही घरं त्याच पाण्यावर गरम करतात. ती म्हणाली, माझ्या बापाने खाल्लेली धूळ अजून लोकांचे पाय शेकते आहे. हे फोनने मराठीत दाखवलं, मी दोनदा वाचलं.

मी तिला आमची चाल सांगितली, पाळीवर जाणाऱ्याला विचारायचं नाही. फोनने काय दाखवलं माहीत नाही, तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, माझी आई उलटं करायची. बाप गल्लीच्या टोकाला पोचला की दारातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, संध्याकाळी काय खाणार? बाप लाजायचा, शिव्या द्यायचा, पण रोज वळून सांगायचा. बटाटे. नाहीतर कोबी. म्हणजे वर यायला त्याला काम राहिलं, असं आई म्हणायची.

मला ते थोडं बेशरमपणाचं वाटलं. गल्लीत ओरडायचं काय.

निघताना मी विचारलं, आमच्या गाडीचा पार्ट टपालाने येणार आहे, तुझ्याकडे आला तर सांग. तिने दोनदा वाचलं. टपाल सगळं माझ्याकडेच येतं, म्हणाली, पण कसला पार्ट? तुझ्या मुलाच्या गाडीला काही झालेलं नाही, शनिवारी तोच जर्मनीत जाऊन गॅसची टाकी भरून आला, माझ्यासाठी पण सिलेंडर आणला. आणि वसंतातही ही गाडी इथेच होती. तो चांगला मुलगा आहे, आवाज करत नाही.

वसंतात? तेव्हा त्याच्या कंपनीचं काम असेल इकडे. पण शनिवारी मी बसथांब्यावरून वर आले तेव्हा गाडी जागेवर नव्हती, आठवलं. धुण्याच्या खोलीजवळ नेली होती, असं तो म्हणाला.

१८ सप्टेंबर, बुधवार

रात्री नीट झोप लागली नाही. गाडी चालते आणि तरी आम्ही इथे आहोत, म्हणजे त्याला मला सोडायचं नाही. मला इथेच ठेवायचं आहे. काहून? वणीचं घर विकायचं आहे का? पण तसं असतं तर मला घरी नेऊन सही मागितली असती. मी त्याला जड झाले असं म्हणावं तर तो जाऊ देत नाही. मी बसून बसून हेच उलटसुलट करते आहे. राग येतो. मग तो जेवायला बसतो, एक पोळी खातो, दुसरी ताटात मोडून ठेवतो, आणि माझा राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

त्याच्या पावलांवरून मला काही कळत नाही. इथे सगळीकडे गवत आहे, पाऊल वाजत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

काही नाही. पाऊस.

२४ सप्टेंबर, मंगळवार

रविवारचं लिहायचं राहिलं. दोन दिवस हातात पेन धरवलं नाही.

रविवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. धम्मपाल त्या दिवशी लवकर उठला, आंघोळ करून आला, दाढी केली. मला बरं वाटलं. त्याने पांघरुणांच्या घड्या घातल्या, ह्यांचा फोटो पुसला, पासपोर्ट आणि माझं तिकीट कप्प्यातून काढून माझ्या पर्सजवळ ठेवलं. म्हणाला, नीलमचा नंबर तुझ्या फोनमध्ये सगळ्यात वर टाकला आहे. मी म्हटलं, बरं. मग त्याने फोन, पाकीट, गाडीची किल्ली बाकावर ठेवली आणि बूट घालायला लागला. बाहेर पाऊस होता, वरच्या बाकाकडे जायची वेळ झाली होती. वेंधळा आहे, फोन विसरून चालला, असं मला वाटलं आणि सांगणार होते.

पण सांगितलं नाही, कारण माझ्या मनात राग होता. गाडी चालते आणि हा खोटं बोलतो. माझ्या तोंडून दुसरंच आलं.

"कुठे चाललास?"

तो थांबला. एक पाय पायरीवर, एक खाली चिखलात.

"फिरायला."

"कधी येशील?"

तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. उभ्या जन्मात मी त्याला हे विचारलं नव्हतं, ना शाळेला जाताना, ना विमानाला जाताना. त्याचं पाऊल अडलं. जुन्या बाया सांगायच्या ते खरं आहे.

"आई, तू विचारतेस?"

"विचारते. पोळी तव्यावर आहे, लवकर सांग."

तो तिथेच पायरीवर खाली बसला, पाठ माझ्याकडे, पावसात. मी गॅस बंद केला. म्हटलं, गाडीला काय झालंय? काही नाही, म्हणाला. मग आपण इथे का आहोत? तर म्हणाला, दुसरीकडे कुठे नेऊ तुला. मार्चपासून तो त्या घरात राहत नाही. भांडण नाही, मारझोड नाही, नीलम म्हणाली, मला एका बंद माणसाबरोबर राहवत नाही. घर भाड्याने मिळत नाही तिथे कुणाला, म्हणून गाडी घेतली. मी येणार म्हणून नीलमने एक महिना घरात राहू दिलं, आईंना कळू नये म्हणून. महिना संपला.

"नोकरी?"

"आहे. आजारी म्हणून रजेवर आहे. इथे देतात तशी रजा. मंगळवारी कंपनीच्या डॉक्टरचा फोन येतो."

"काय आजार आहे?"

"काही करावंसं वाटत नाही, आई. हाच. तू सकाळी भांडी वाजवतेस म्हणून मी उठतो."

मी त्याच्या मागे बसले. जागा फार नाही, गुडघे त्याच्या पाठीला लागत होते. म्हटलं, मला काहून नाही सांगितलंस?

"तू विचारलं नाहीस. बाबा गेले तेव्हा मी आलो, तू मला जेवायला वाढलंस आणि काही विचारलं नाहीस. इथे आलीस, मी सोफ्यावर झोपत होतो, काही विचारलं नाहीस. मला रोज वाटायचं, आज विचारशील. मग वाटलं, तुला कळलंय आणि तू रागावली आहेस."

मी त्याला सांगितलं की मला काही कळलं नव्हतं. कोट बघितले, गाडी सुरू होताना ऐकली, तरी कळलं नव्हतं. पाळीवरच्या माणसाला विचारायचं नसतं म्हणून नाही विचारलं, म्हटलं. तो हसल्यासारखं करून म्हणाला, आई, मी पाळीवर कुठे होतो. आणि मग रडला. ह्यांच्या वेळी रडला नव्हता. पोळी काळी झाली होती, दुसरी केली, ती आम्ही तिथेच बसून अर्धी अर्धी खाल्ली. वर टोकाकडे तो त्या दिवशी गेला नाही.

संध्याकाळी मी म्हटलं, मी सात तारखेला घरी असेन. तूही असशील. तो म्हणाला, कंपनीच्या डॉक्टरला विचारावं लागेल. मी म्हटलं, मंगळवार परवाच आहे, विचार. मग म्हणाला, "तिथे सगळे विचारतील, आई. जोडीने बसवतात. मी एकटा पुढे बसलो तर अख्खी कॉलनी विचारेल." मी म्हटलं, माझ्या शेजारी बसशील. त्यावर तो नाही म्हणाला नाही. त्याने नीलमला फोन करून सांगितलं की आईला कळलं. तिने मला फोन द्यायला सांगितलं. रडत होती. आई, मला सांगायचं होतं, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यावर माझा राग नाही, दीपाला जेवू घाल.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी वणीला नीळकंठभाऊंना फोन लावला आणि सांगितलं की धम्मपाल येतोय, एकटा येतोय, नीलम आणि तो आता वेगळे राहतात, त्याची तब्येत बरी नाही, आणि सात तारखेला विहारात ज्याला जे विचारायचं असेल त्याने धम्मपालला विचारावं.